अमोलची आई

लंकाबाईनं दोन दिवसांपासून मिसरी सोडली होती. लग्न होऊन सासरी आली तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दाताला मिसरी लागल्याशिवाय तिचं डोकं चालत नसे. पण पुतण्यानं, सोपाननं, चौकशी करून सांगितलं होतं, की सोमवारी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेणार, त्याआधी दोन तास तोंडात काही नको. लंकाबाईनं दोन तासांचे दोन दिवस केले. म्हातारीच्या मिसरीनं तपासणी बिघडली, असं उद्या कुणी म्हणायला नको.

हे ऐकल्यापासून तिची धाकटी जाऊ फुलाबाई हिला ही तपासणी नको होती. कारण काडी कितीही स्वच्छ तोंडात फिरवली, तरी निकाल काय लागणार हे तिला आजच ठाऊक होतं.

चैत्रातली रविवारची दुपार होती. नाशकातल्या द्वारका चौकातले हॉर्न खिडक्या लावल्या तरी आत येत होते. खाली केरूतात्याचं टेम्पोच्या सुट्या भागांचं दुकान आणि वर तीन खोल्यांचं घर. तात्या दारासमोरच्या खुर्चीत बसला होता, सहा फुटांचा माणूस, पण वर्षभरात खांदे खाली आलेला. शेजारी त्याचा धाकटा भाऊ पुंजा, ओझरच्या विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बुटका, गोल. पुंजा म्हणजे फुलाबाईचा नवरा. थोरल्या भावापुढं त्यानं जन्मात कधी मान वर केली नव्हती आणि आजही करणार नव्हता. समोर सतरंजीवर सोपान कागद पसरून बसला होता. तो फुलाबाईचा थोरला, बापाच्याच कारखान्यात लागलेला.

आणि ज्याच्यासाठी सगळे जमले होते, तो केरूतात्याचा एकुलता एक अमोल, चौदा महिन्यांपूर्वी रशियात गेला होता. नऊ महिन्यांपासून त्याचा फोन नव्हता.

"करारनाम्याचं भाषांतर आलंय," सोपान म्हणाला. "मी माझ्या इच्छेनं, कुणाच्याही दडपणाशिवाय, युद्ध संपेपर्यंत सैन्यात दाखल होत आहे. खाली अमोलची सही आहे."

"त्येला त्यांची भाषा काय कळती?" लंकाबाई उसळली. "सैपाकी म्हणून नेला आन् हातात बंदूक दिली. फसवलाय माझा पोरगा. गावात समद्यास्नी ठावं हाय."

"आपल्या सैन्यानं घेतला नाय," तात्या खिडकीकडं बघत म्हणाला. "त्यांच्यात माणूसच उरला नव्हता. म्हणून त्यांनी घेतला."

पुंजानं मान खाली घातली, आणि ती का घातली हे फक्त फुलाबाईला कळलं.

अमोलला लहानपणापासून एकच वेड होतं, वर्दीचं. पहाटे चारला उठून तो मैदानावर पळायचा. धावण्यात पहिला, दोरावर पहिला. चार वेळा देवळालीला भरतीला उभा राहिला आणि चारही वेळा उंचीच्या पट्टीखालून परत आला. एक सेंटिमीटर कमी. चौथ्या वेळी वय संपलं. त्या दिवशी तो घरी न जाता थेट ओझरला फुलाबाईकडं आला होता. ताट पुढं असताना जेवला नाही. "काकू, तात्या केवढे उंच आहेत. आई पण उंच. मग मीच असा कसा गं?" फुलाबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. समोर पुंजा जेवत होता, साडेपाच फुटांचाही नसलेला. त्यानं हात धुतले आणि तो उठून बाहेर गेला.

तीस वर्षांपूर्वी लंकाबाईच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. चांदवडला गावात लोक तिला सवाष्ण म्हणून जेवायला बोलवेनात. तेव्हा फुलाबाईला तिसरं राहिलं. दोन मुलगे पदरात होतेच. पुंजा एका रात्री म्हणाला, "तात्याचं घर उभं राह्यला पायजे." त्यानं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. फुलाबाईनं मान हलवली. ती सव्वीस वर्षांची होती आणि मान हलवण्यापलीकडं तिला काही येत नव्हतं. पोट दिसायला लागायच्या आत दोघी जावा नाशकात येऊन राहिल्या. दत्तक घ्यायचा तर कागद होतो, कागद झाला की गावात तोंडं सुटतात. म्हणून प्रसूतिगृहात फुलाबाईचं नावच लंकाबाई असं लिहिलं. नर्सनं लंकाबाई अशी हाक मारली की फुलाबाई उठायची. बाराव्या दिवशी तिनं बाळ जावेच्या ओटीत घातलं. जन्माच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळीकडं अमोल केरू. गुपित चौघांत राहिलं, आणि इतकं मुरलं की कधी कधी फुलाबाईलाही ते ऐकीव वाटायचं.

मग चार महिन्यांपूर्वी सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. तिकडं काही मृतदेह आहेत, ओळख पटत नाही, बापाचा डीएनएचा नमुना द्या. तात्या गेला. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, तुम्ही वडील ना? तात्या हो म्हणाला. पुढं महिन्यानं कागद आला, की कुठल्याही देहाशी नमुना जुळत नाही.

त्या दिवशी या घरात दिवाळी झाली. अमोलची बायको वेदिका द्वारकेवरच्या दुकानातून दोन किलो पेढे घेऊन आली आणि गल्लीत घरोघर वाटून आली. ओझरला येऊन तिनं स्वतःच्या हातानं फुलाबाईच्या तोंडात पेढा घातला. "काकू, तो मेलेल्यांत नाहीये!" फुलाबाईनं तो पेढा गिळला. तिच्या हातून एवढं मोठं पाप दुसरं झालं नव्हतं.

आणि त्याच दिवशी वेदिकानं नवस बोलला. चांदवडच्या रेणुकामातेनं तिला नवरा राखून दिला होता, आता तिच्या पायरीवर दोघं मिळून येईपर्यंत पायात चप्पल घालायची नाही. तेव्हापासून ती पोर अनवाणी होती. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला अनवाणी, बसमध्ये अनवाणी, या चैत्राच्या डांबरावर अनवाणी.

आता त्याच कचेरीनं आईचाही नमुना मागितला होता. वेदिका चहाचे कप घेऊन आली आणि फुलाबाईपुढं वाकली. फुलाबाईला कप दिसलाच नाही, पाय दिसले. टाचांना बोट जाईल अशा भेगा, एकीत काळं पडलेलं रक्त. पंचवीस वर्षांची पोरगी.

फुलाबाई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मागोमाग लंकाबाई आली. तिनं दार ओढून घेतलं.

"तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतंय, फुला."

"बाई, उद्या तुम्ही नका जाऊ."

"का?"

"का म्हणून मला विचारता? तुमचं जुळणार नाही. तात्यांचं जुळलं नाही, तसंच तुमचं. ते लोक म्हणतील, हा ह्यांचा नाही. आणि आपला अमोल तिथं बर्फात..."

लंकाबाईनं ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

"मला काय येडी समजती का तू? जुळणार नाय हे मला ठावं हाय. म्हणून तर देते."

फुलाबाईनं मागं वळून दार नीट लागलंय का ते पाहिलं.

"जवर जुळत नाय, तवर माझा लेक जिता हाय," लंकाबाई हळू आवाजात म्हणाली. "पुन्हा बोलावतील, पुन्हा देईन. धा वेळा देईन. तू गेलीस आन् जुळलं तर? काय मिळंल तुला? एक पेटी. ती उघडून बी देत नायत म्हणं."

"पण असेल तर, बाई? तो खरंच तिथं असेल तर?"

"नाय." लंकाबाईनं फडकं आपटलं. "तू दिला तव्हा मी तुला इचारलं नाय, की तुला काय वाटतंय. बरोबर? माझं चुकलं. देवापुढं नाक घासते. पन दिलेलं मागं घ्यायचं नसतं, फुला. तू आई व्हऊ नकोस आता. तीस वरसं नव्हतीस, आता नको व्हऊ."

फुलाबाईला जावेचा राग यायला हवा होता, पण आला नाही. गोवरात रात्र-रात्र त्याला मांडीवर घेऊन बसलेली लंकाबाईच होती. पहिलीत त्याच्या वर्गाबाहेर महिनाभर बसून राहिलेली तीच होती. फुलाबाईनं त्याला काय दिलं होतं? एक कमी पडलेला सेंटिमीटर.

"बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

दोघी बाहेर आल्या. पुंजानं बायकोच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. तो घाईनं म्हणाला, "मग ठरलं. उद्या वहिनी जातील. सोपान गाडी घेऊन येईल."

गोष्ट इथंच मिटली असती. पण वेदिका सासूजवळ येऊन बसली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "आई, तुम्ही घाबरू नका. तुमचं पण जुळणार नाही. मला खात्री आहे."

"व्हय गं माय."

"आणि तुम्ही सगळे म्हणता ना त्याला फसवलं, तसं नाहीये ते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी गप्प होते. जाताना त्याला सगळं माहीत होतं. स्वयंपाकी वगैरे काही नाही. तिकडं माणसं कमी पडतायत, बाहेरून घेतायत, उंची बघत नाहीत, असं त्यानं मला सांगितलं होतं. वर्दी मिळाली त्या रात्री त्यानं मला व्हिडिओ केला. इतका हसत होता! मी रडत होते आणि तो सलाम करून दाखवत होता." वेदिका हे सांगताना स्वतःही हसत होती. "हौसेनं गेलाय तो. येईल. वर्षानं येईल, दहा वर्षांनी येईल. माझे बाबा मला न्यायला आले होते परवा. मी सांगितलं त्यांना, जोवर कागद म्हणतोय की तो मेलेल्यांत नाही, तोवर मी इथंच. म्हातारी झाले तरी."

तात्यानं डोळे मिटले.

फुलाबाई तिच्या पायांकडं बघत होती. या पोरीलाही कुणी विचारलं नव्हतं. चौघांनी मिळून एक खोटं तिच्या पायाशी ठेवलं होतं आणि ती त्याच्यावरून चालत निघाली होती, जन्मभर चालणार होती. मान हलवणारी आणखी एक बाई.

"नाही जुळणार," फुलाबाई म्हणाली.

"तेच म्हणतेय मी, काकू."

"तसं नाही, वेदिका. तात्यांचं जुळलं नाही, कारण तात्या त्याचे बाप नाहीत. बाईंचंही जुळणार नाही. अमोलला मी जन्म दिलाय."

"फुला!" पुंजा ताडकन उठला. "तोंड बंद कर. तात्याला शबुद दिलाय आपण."

"तुम्ही दिला होता. मी फक्त पोर दिलं होतं." आपल्याच आवाजाचं फुलाबाईला नवल वाटलं. "बापाचा नमुना मागितला तेव्हा तुम्ही जायला पाहिजे होतं. तुम्ही घरात बसून पेपर वाचत होता."

सोपानच्या हातातले कागद खाली आले. "आई, काय बोलतेयस? अमोल माझा..."

"सख्खा भाऊ. धाकटा."

वेदिकानं सासूकडं पाहिलं, मग सासऱ्याकडं. कुणीतरी नाही म्हणेल याची ती वाट बघत होती. लंकाबाई भिंतीसारखी बसली होती. शेवटी तात्याच बोलला, खुर्चीतून न हलता.

"डॉक्टरनं इचारलं, बाप कोण. मी म्हनलं, मी. तीस वरसं तेच सांगत आलोय, पोरी. तोंडाला दुसरं येतंच नाय."

"म्हणजे त्या कागदाला काही अर्थच नव्हता," वेदिका म्हणाली. "तुम्हाला चौघांना माहीत होतं, आणि मी पेढे वाटत होते."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. उठून आतल्या खोलीत गेली आणि तिनं कडी लावली. बाहेर सगळ्यांना तो आवाज ऐकू आला.

लंकाबाई जागची उठली, मोरीपाशी गेली आणि फळीवरची डबी काढून मिसरी दाताला लावू लागली.

सोमवारी फुलाबाई कचेरीत गेली. सोबत सोपान होता. पुंजा आला नाही. खिडकीवरच्या माणसानं आईची दोन वेगळी नावं बघून कपाळाला आठ्या घातल्या, प्रतिज्ञापत्र मागितलं, दोन साक्षीदार मागितले. एक साक्षीदार सोपान झाला. दुसरा मिळेना, तेव्हा जिन्यावरून केरूतात्या चढून वर आला. कुणीही बोलावलं नव्हतं. त्यानं खिशातून चष्मा काढला, सही केली आणि आला तसा निघून गेला. मग एका मुलीनं फुलाबाईला तोंड उघडायला सांगितलं आणि गालाच्या आतून काडी फिरवली. दहा मोजायच्या आत संपलं. तिला वाटलं होतं, काहीतरी दुखेल.

वटपौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा फोन आला. जुळलं होतं.

पेटी मुंबईला विमानानं आली आणि तिथून गाडीनं नाशकात. सोबत सोपान होता. गाडी द्वारकेला, दुकानासमोर थांबली. चांदवडची सगळी भावकी रस्त्यावर उभी होती. बायकांनी पदर तोंडाला लावले होते. तात्या दुकानाच्या पायरीवर आला आणि त्यानं पेटीवर हात ठेवला. तेवढ्यात जिन्यावरून लंकाबाई उतरली, नवं लुगडं नेसून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून. ती दारात आडवी उभी राहिली.

"कुनाला आणलंय?"

"मोठी आई, अमोल..." सोपानचा आवाज फाटला.

"कागद वाच. आई म्हणून कुनाचं नाव हाय?"

सोपाननं कागदाची घडी करून खिशात घातली.

"वाच की. फुलाबाई पुंजा. हाय ना? मग ओझरला न्या. तिच्या घरला." ती ओरडत नव्हती. चुकीच्या पत्त्यावर आलेलं सामान परत करावं, तसं समजावून सांगत होती. "माझा पोरगा लढाईवर हाय."

भावकीतल्या बायकांनी तिला धरायला पाहिलं. तात्या म्हणाला, "लंके, असं करू नगं." तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. दहा मिनिटं गाडी तशीच उभी होती, मागं टेम्पो, रिक्षा, बस तुंबल्या, लोक हॉर्न वाजवू लागले. शेवटी तात्यानंच ड्रायव्हरला हात केला. गाडी ओझरच्या रस्त्याला लागली. वेदिका मुंबईपासून गाडीत पेटीपाशी बसली होती. ती सासूला हाक मारायला खाली उतरली नाही.

ओझरला पुंजाच्या दोन खोल्यांत पेटी मावेना. अंगणात बाकावर ठेवली. पुंजा तिच्या उशाशी भिंतीला टेकून बसला होता. कुणीतरी त्याला विचारलं, पुतण्या ना तुमचा? तो म्हणाला, "पोरगा." आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला आणि मग त्याला आवरेना. फुलाबाई मात्र रडत नव्हती. पेटीच्या फळीवर हात ठेवून बसली होती. आत कसा असेल, किती उरला असेल, याचा विचार करायचा नाही असं तिनं ठरवलं होतं आणि दुसरा विचारच येत नव्हता. पेटी उघडता येणार नाही, असं कागदावर लिहिलं होतं.

उचलायची वेळ झाली तेव्हा फाटकाशी रिक्षा थांबली. तात्या उतरला आणि मागून लंकाबाई. बायकांत कुजबुज झाली. फुलाबाईला वाटलं, आली. शेवटी आईचं मन, आली. ती सरकली. पेटीच्या उशाशी जागा केली.

लंकाबाई आली, पण त्या जागेवर बसली नाही. पेटीकडं तिनं एकदाच पाहिलं, परक्याच्या मयताला पाहतात तसं. मग ती फुलाबाईच्या शेजारी बसली आणि तिनं तिला दोन्ही हातांनी कवेत घेतलं.

"रड, फुला, रड," ती म्हणाली. "आईनं रडाया पायजे. असं आत ठेवू नये."

फुलाबाईला काही उमजेना. तिनं मान वर करून जावेचे डोळे पाहिले. ते कोरडे होते, शहाणे होते आणि त्यांत वेड कुठंच नव्हतं. होती ती नुसती विनवणी.

"लय वाईट झालं बघ," लंकाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "तरणंताठं पोर गेलं तुझं. माझा अमोल इथं असता, तर भावाला खांदा दिला असता. दिला असता ना गं?"

सोपान काही बोलणार होता. फुलाबाईनं हातानं त्याला थांबवलं. मग तिनं जावेचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं.

"हो बाई," ती म्हणाली. "असता तर पहिला खांदा त्यानंच दिला असता."